गटारात कोण उतरतो?

परवाच्या रविवारी कोर्टाला सुट्टी होती, म्हणून आम्ही सोलापूरच्या आमच्या कार्यालयात एका नुकसानभरपाईच्या प्रकरणाची फाईल उघडून बसलो होतो. प्रकरण जुनेच आहे. जिल्ह्यातल्या एका गावात २०१९ साली सेप्टिक टँक उपसायला उतरलेला एक माणूस जिवंत वर आला नाही. मागे बायको आणि दोन मुले. ठेकेदार म्हणतो, तो आमचा कामगारच नव्हता. घरमालक म्हणतो, मी ठेकेदाराला काम दिले होते, माणसाला नाही. आणि पंचनाम्यात लिहून ठेवले आहे, 'पाय घसरून पडल्याने मृत्यू'. पाय घसरला! या देशात आमच्या माणसांचेच पाय नेमके गटाराच्या तोंडाशी का घसरतात, हा प्रश्न पंचनामा लिहिणाऱ्याला पडत नाही.

तेवढ्यात बुधवार पेठेतला एक मुलगा आला. त्याचे वडील आणि आम्ही रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ साली कॉलेजच्या वयात निषेधाच्या मोर्चात एकत्र चाललो, तेव्हापासूनचा घरोबा. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर बाभळीच्या काट्यांची जुडी टाकावी तशी पांढरी अक्षरे. आम्ही चष्मा लावून पाहिले तरी एक अक्षर लागेना. "जय भीम काका," म्हणाला, "बँडचं नाव हाय ते. तसंच लिहितेत, वाचता येऊ नये असंच."

बँडचे नाव 'गटस्लिट'. म्हणजे कोथळा फाडलेला. मुंबईचा बँड आहे, २००७ साली सुरू झालेला, आणि युरोपात जाऊन कार्यक्रम करून आलेला. त्यांचा पहिला मोठा अल्बम २०१३ साली निघाला. त्याचे नाव 'स्कूअर्ड इन द सूअर'. आम्ही मुलाला म्हटले, मराठीत सांग. तो जरा थांबला आणि म्हणाला, "गटारात सळईनं भोसकलेला."

समोर उघडी फाईल, आणि समोर हा मुलगा. आम्ही काही बोललो नाही. त्याने हेडफोन पुढे केला, आम्ही कानाला लावला.

वाचकहो, आम्ही भीमगीतांवर वाढलेली माणसे. वामनदादा कर्डक ऐकत मोठे झालो, विलास घोगरेंचा आवाज ऐकून रडलो. त्यामुळे जे कानावर आले त्याला गाणे म्हणायला आमची जीभ प्रथम तयार होईना. ड्रम असा की पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात पंचवीस यंत्रमाग एकाच वेळी सुटावेत. गिटार म्हणजे लोखंडी पत्रा सिमेंटवरून ओढत नेल्याचा आवाज. आणि गळा? आडात पडलेले जनावर ओरडावे तसा. शब्द एकही कळत नाही. मुलगा म्हणाला, या गळ्याच्या एका प्रकाराला तिकडे 'डुकराचा चित्कार' असेच नाव आहे आणि तो काढायला वर्षानुवर्षे रियाज करावा लागतो. चार-पाच गाणी ऐकून आम्ही हेडफोन काढला. छातीत धडधडत होते. खोटे कशाला बोला, थोडी ताकदही आल्यासारखे वाटत होते.

मग त्या मुलाने आमची शिकवणी घेतली. ती इथे थोडक्यात सांगतो, कारण आपल्या घराघरांतली मुले हे ऐकत आहेत आणि आपण मात्र जयंतीच्या मिरवणुकीत डीजे असावा की नसावा यावरच भांडत आहोत.

या संगीताच्या कुळात अनेक शाखा आहेत. त्यातल्या सर्वांत वेगवान शाखेला 'ग्राइंडकोर' म्हणतात. ग्राइंड म्हणजे दळणे, भरडणे. तिचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम परिसरातला. 'नेपाम डेथ' नावाचा बँड १९८१ साली काही शाळकरी पोरांनी काढला. १९८७ साली त्यांचा 'स्कम' हा अल्बम आला. स्कम म्हणजे गाळ, समाजाचा गाळ. त्यात 'यू सफर' नावाचे एक गाणे आहे, जे १.३१६ सेकंदांत संपते. जगातले सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. सव्वा सेकंदाच्या त्या गाण्यात एकच सवाल आहे, तू सोसतोस, पण का? आम्हाला हे ऐकून हसू आले नाही. बाबासाहेबांनी खेड्यापाड्यांतून फिरून आमच्या आजोबा-पणजोबांना वेगळे काय विचारले होते? बँड उघडपणे वंशद्वेषाविरुद्ध आणि फॅसिस्टांविरुद्ध उभा राहिला. बर्मिंगहॅम हे लोखंड आणि कारखान्यांचे शहर. त्याच शहरातल्या 'ब्लॅक सबाथ' या आधीच्या पिढीच्या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लास्टिकची टोके बनवून बसवली, तारा सैल केल्या आणि तो वाजवत राहिला. पुढे त्या घराण्याचा जो जड आवाज झाला, त्यात या तुटलेल्या बोटांचा वाटा आहे.

सोलापूरकराला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून आजच्या यंत्रमागापर्यंत या शहराने खडखडाट खाऊनच पोट भरले. मागावर आयुष्य काढलेला म्हातारा घरात कसा बोलतो पाहा, मोठ्याने. कारण त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. गिरणीच्या गोंगाटाने कान गेलेल्या बापाचा पोरगा असेच संगीत वाजवणार. ते गोड कुठून व्हायचे?

दुसरी शाखा नुसत्या गोंगाटाची. तिला 'नॉइज' म्हणतात. तिच्यात ना ताल, ना सूर. लू रीड नावाच्या नामवंत अमेरिकन गायकाने १९७५ साली तासाभराचा नुसता गिटारचा किंचाळा 'मेटल मशीन म्युझिक' या नावाने विकायला काढला. अनेक गिऱ्हाइकांनी तो दुकानात परत नेऊन दिला. जपानमधले मासामी अकिता 'मर्झबाऊ' या नावाने १९७९ पासून हेच करीत आले आहेत. या शाखेबद्दल आमचे फारसे मत झाले नाही, पुढे जाऊ.

तिसरी गोष्ट मात्र आम्हाला टोचली. या संगीतात रक्त, कुजलेली प्रेते, आतडी, घाण यांची एक परंपराच आहे. तिचे मूळ लिव्हरपूलच्या एका बँडमध्ये सापडते. त्यांचा १९८८ चा अल्बम 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन', म्हणजे कुजण्याचा दर्प. शब्द वैद्यकीय पुस्तकांतून उचललेले, मुखपृष्ठावर शवांच्या छायाचित्रांची कात्रणे. ही मुले शाकाहारी होती आणि मांस हे शेवटी प्रेतच, हे त्यांना लोकांच्या नाकावर मारायचे होते. त्या बँडचे नाव 'कारकस'. कारकस म्हणजे मेलेले जनावर, मढे.

आता सांगा, हा शब्द वाचून आम्हाला दुसरे काय आठवणार? लिव्हरपूलच्या पोरांनी मेलेले जनावर हे नाव हौसेने घेतले. आमच्या आजोबांना ते जनावर गावाबाहेर ओढून न्यावे लागत होते. त्याला 'महारकी' म्हणत. ते ओढायचे, फाडायचे आणि वर त्याचेच मांस खायचे, त्याला गावाने आमचा 'हक्क' असे गोंडस नाव दिले होते. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी पाण्याबरोबर हेही सांगितले की, मेलेले ढोर ओढू नका, मृत मांस खाऊ नका. आमच्या लोकांनी ते मानले. त्यापायी गावोगावी बहिष्कार सोसले, डोकी फोडून घेतली. म्हणजे ज्या कुजण्याच्या दर्पाला तिकडचा तरुण बंड म्हणून जवळ करतो, त्याच दर्पापासून दूर जाणे हे आमचे बंड होते. घाण दोन्हीकडे तीच, पण तिच्यात कोणाचे हात बुडालेले आहेत यावरून तिचा अर्थ ठरतो. इंग्लंडातल्या घाणीला जात नसते. भारतातल्या घाणीला असते, आणि ती जन्माच्या आधीच वाटून दिलेली असते.

म्हणून 'गटारात सळईने भोसकलेला' हे नाव मुंबईच्या बँडने ठेवले तेव्हा ते लिव्हरपूलच्या नावासारखे राहत नाही. इंग्रजी भयपटांत गटारात राक्षस राहतात. मुंबईच्या गटारात राक्षस राहत नाहीत. तिथे माणूस उतरतो, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो हे मुंबईतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

त्या बँडच्या मुलांच्या मनात वाईट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी कोणाची टिंगल केलेली नाही. त्यांच्या बास वाजवणाऱ्याच्या डोक्यावर शीख पगडी आहे. केस वाढवून डोके गरगरा फिरवण्याच्या या गोऱ्यांच्या दुनियेत तो पगडी घालून उभा राहतो, याचे आम्हाला कौतुकच वाटले. आमचा मुद्दा हेतूचा नाही. ज्याला गटार म्हणजे एक भीतीदायक चित्र वाटू शकते, तो त्या गटारापासून किती सुरक्षित अंतरावर जन्मला, हा आमचा मुद्दा आहे.

२०१३ हे साल आम्ही वकील म्हणून विसरू शकत नाही. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाचा नवा कायदा त्याच वर्षी झाला. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाणदिनी. तारीख चांगली निवडली. आतला मजकूर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. कलम ७ ने गटार आणि सेप्टिक टँकची 'धोकादायक सफाई' माणसाकडून करून घेण्यास बंदी घातली. कलम ९ ने पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. पण 'धोकादायक सफाई' म्हणजे काय? व्याख्या म्हणते, मालकाने संरक्षक साधने न देता, सुरक्षेची काळजी न घेता करून घेतलेली सफाई. म्हणजे साधने दिली असे कागदावर दाखवले की माणूस पुन्हा आत! गमबुटाची एक पावती फाईलला लावली की धोका संपला. कायद्याच्या पोटातच ही पळवाट शिवलेली आहे.

आणि दुसरी चलाखी पाहा. 'मैला वाहणारा' वेगळा आणि 'धोकादायक सफाई करणारा' वेगळा, असे कायद्याने दोन कप्पे केले. त्याच्या जोरावर जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिले की, हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. हे उत्तर देणारे सामाजिक न्याय राज्यमंत्री कोण होते? आमचेच, पँथरच्या चळवळीतून पुढे आलेले रामदास आठवले. कप्प्याच्या हिशेबाने उत्तर बरोबरही असेल. पण ज्या घरातला माणूस गटारात गेला, त्या घराला कोणत्या कप्प्यात टाकायचे, हे साहेबांनी एकदा येऊन सांगावे.

त्याच २०१३ च्या एप्रिलमध्ये कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले. गाणी म्हणणारी ही मुले. शीतल तेव्हा गरोदर होती. तिला काही महिन्यांत जामीन मिळाला, सचिनला मात्र सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. एकाच वर्षी, एकाच राज्यात, एक आवाज युरोपला जाण्याच्या तयारीला लागतो आणि दुसरा तुरुंगात जातो. दोष पहिल्या आवाजाचा नाही हे आम्ही पुन्हा सांगतो. पण ज्या किंकाळीतला एकही शब्द कळत नाही तिला व्यवस्था भीत नाही. जिचे शब्द न् शब्द झोपडपट्टीतल्या बाईला समजतात, त्या गाण्याला ती भिते. हा फरक त्या मुलाने नीट ऐकून घेतला.

आमच्या तरुण वाचकांनी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा मराठी चित्रपट पाहिला नसेल तर जरूर पाहावा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एका लोकशाहिराला अटक होते. आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून एका गटार कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली! शाहिराची भूमिका नागपूरचे आपले कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते आपल्यातून गेले. गाण्यांच्या मागे संभाजी भगत होते. त्या चित्रपटात मृताची बायको साक्षीला उभी राहते आणि सांगते, नवरा आत उतरण्याआधी गटारात दगड टाकायचा. झुरळे बाहेर आली की आत हवा आहे असे समजायचे. आम्ही कोर्टात वीस वर्षे साक्षी ऐकतो आहोत. इतकी साधी आणि इतकी भयंकर साक्ष दुसरी ऐकल्याचे आठवत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, भीषण संगीत ज्याला करायचे आहे त्याने या झुरळांपासून सुरुवात करावी.

इथवर आम्ही बोलत होतो आणि मुलगा ऐकत होता. मग तो बोलला, आणि आम्हाला गप्प बसावे लागले.

"काका," तो म्हणाला, "तुमी म्हणताय ते पटतंय. पण मग घाण, रक्त, मढं हे आपण लिहायचंच नाही का? अण्णाभाऊंनी नाही का लिहिलं?"

बरोबर बोलला पोरगा. अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपण सगळ्यांनी वाचली आहे. खाणीतले काम सुटलेला भीमा मुंबईच्या कडेला राहतो. मढ्याच्या राखेतून, प्रेताच्या तोंडातून सोन्याचा कण शोधून लेकराबाळांचे पोट भरतो. एका रात्री उकरलेल्या प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते, आणि मढ्याच्या जबड्यात अडकून त्याची बोटे जातात. त्यानंतर कळते की खाण पुन्हा सुरू होते आहे. कोणत्या गोऱ्या बँडने याहून भीषण काही लिहिले आहे? आणि नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा सदाशिवपेठी नाकांना रुमाल लागलेच होते. ही भाषा अश्लील आहे, ही कविता नाही, हा नुसता गोंगाट आहे, असे तेव्हाही म्हटले गेले. आज आम्ही त्या मुलाच्या हेडफोनला तेच म्हणालो असतो तर आमच्यात आणि त्या रुमालवाल्यांत फरक काय राहिला?

म्हणजे घाणीचे नाव घेण्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे घाण मोकळी सोडून देण्याला, तिच्यातला माणूस काढून टाकण्याला. अण्णाभाऊंच्या कथेत प्रेत आहे, पण कथा प्रेताची नाही, भीमाची आहे. त्या भीमाला काम का नव्हते याची आहे. चेन्नईला २०१७ साली पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाचा बँड उभा राहिला. त्यात प्रेतयात्रेत वाजणारे गाना संगीत आहे, रॉक आहे, रॅप आहे, आणि आरक्षणापासून गोमांसापर्यंतची गाणी आहेत. तिथे गिटारही आहे आणि माणूसही आहे. सोलापुरात असे का होऊ नये? हलगी आपल्याकडे आहे. ज्या हलगीला गावाने हलके ठरवले, तिच्या घाईपुढे त्या परदेशी ड्रमचा वेग काय सांगावा!

मुलाच्या डोक्यात तेच होते. त्याला आवाज गोळा करायचे होते. यंत्रमागाचा, मॅनहोलचे लोखंडी झाकण ओढल्याचा, मैला ओढणाऱ्या टँकरच्या पंपाचा. त्यावर तो ओरडणार होता. आमच्या फाईलमधल्या माणसाबद्दल. आम्ही म्हटले, आधी त्याच्या बायकोला विचार. वकिलाला अशिलाची परवानगी लागते, तशी तुलाही लागेल.

तो गेला. पुढच्या तारखेला ती बाई आमच्याकडे आली तेव्हा तिनेच सांगितले. मुलाने तिला मिनिटभर ऐकवले होते. "पोरगं चांगलं हाय," ती म्हणाली, "पण वकीलसाहेब, तसं नव्हतं ओ ते. आमचे हे उतरले आन् काईच आवाज आला नाई. मी वर बादली घिऊन हुबी. मला वाटलं कामात हायेत."

हे तिचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, म्हणून ते इथे लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि माणसाला वाटते वास गेला, आता धोका नाही. दोन-चार श्वासांत तो कोसळतो. ओरडायला श्वास उरत नाही. मिथेन असतो, प्राणवायू नसतो. वरचा माणूस पाहतो की खालचा हलत नाही, तो त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँकमध्ये एकापाठोपाठ पाच जण गेले, ते असेच. ते मुस्लिम समाजातले गरीब मजूर होते. जातीने वाटलेले काम गरिबीच्या उतरंडीवरून कोणाकोणाच्या दारी जाते ते यावरून कळावे. आमच्या सोलापुरातही २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अक्कलकोट रस्त्यावर ड्रेनेजच्या चेंबरमध्ये चार मजूर गेले. आणि म्हणून आमच्या समाजबांधवांना हात जोडून सांगणे आहे, आतला माणूस पडला तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला बोलवा, दोर टाका, हवा सोडा. जीव तुटतो, आम्हाला कळते. तरीही उतरू नका.

आता फाईलबद्दल. या लेखाच्या निमित्ताने ही माहिती जितक्या घरांत जाईल तितकी हवी आहे.

सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी निकाल दिला की, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत. या आंदोलनाचे बेझवाडा विल्सन यांना पुढे २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर २० ऑक्टोबर २०२३ रोजी बलराम सिंग खटल्यात न्या. रवींद्र भट आणि न्या. अरविंद कुमार यांनी ही रक्कम ३० लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख, इतर अपंगत्वाला किमान १० लाख. त्या निकालातले एक वाक्य आपल्या लोकांच्या नजरेतून सुटते. मृत्यू आधीचा असला, पण भरपाई दिलेली नसली, तर त्या कुटुंबालाही वाढीव रक्कमच देय आहे. आमचे २०१९ चे प्रकरण याच वाक्यावर उभे आहे.

काम खासगी होते, सोसायटीचे होते, सरकारचा काय संबंध, असे अधिकारी सांगतात. ते ऐकून परत येऊ नका. मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीच्या टाकीत डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य शासनाला प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश दिला. टाकी खासगी असली तरी जबाबदारी शासनाची, हे तिथे ठरले आहे. मृत व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलमही आहे. मैला साफ करायला लावणे हाच त्यात गुन्हा आहे. फिर्याद लिहिताना ते कलम लावून घ्या. नंतर लावून घेताना नाकी नऊ येतात, आम्ही अनुभवाने सांगतो.

आणि पंचनाम्यात 'पाय घसरून' असे लिहू लागले तर तिथल्या तिथे हरकत घ्या. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण गुदमरणे आहे का, वायूचा उल्लेख आहे का, हे विचारा. काम कोणी सांगितले, किती रुपये ठरले, फोन कोणाचा आला, हे पहिल्या दिवशीच एका कागदावर लिहून ठेवा. त्या दिवशीचा फोन जपून ठेवा. आमच्या प्रकरणात ठेकेदाराचे दोन फोन सकाळी आलेले आहेत आणि तेवढाच एक धागा आमच्या हातात आहे.

मुलगा नंतर पुन्हा आला. त्याने आपले रेकॉर्डिंग बदलले आहे. सुरुवातीला तोच सगळा खडखडाट आहे, झाकण ओढल्याचा कर्कश आवाज आहे, मग एकदम सगळे बंद. बराच वेळ काहीच नाही. आम्हाला वाटले मशीन बिघडले. तो म्हणाला, "नाही काका, तेवढंच हाय." त्या बाईने ते अजून ऐकलेले नाही. पुढच्या तारखेला ती येईल तेव्हा तो येणार आहे. त्या दिवशी ठेकेदाराची उलटतपासणी आहे.